मिल्टन कीन्सला फ्रीव्ह्यूचे निम्मे चॅनेल फुटतात, एरियल बदलू की बूस्टर लावू?

मिल्टन_मुक्कामी:

नमस्कार मंडळी, टीव्हीचा प्रश्न आहे. फ्रीव्ह्यू म्हणजे इथे एरियलवरून (आपली अँटेना) दर महिन्याला पैसे न भरता येणारे चॅनेल. इथे यूकेतले बरेच जण आहेत म्हणून इथेच विचारतो.

आम्ही जानेवारीत मिल्टन कीन्सला घर घेतलं. त्याआधी सहा वर्षं भाड्याच्या फ्लॅटमध्ये होतो आणि तिथे टीव्ही म्हणजे नुसतं वायफाय, त्यामुळे एरियल या प्रकाराशी कधी संबंधच आला नाही. आता आई-बाबा सासवडहून आलेत, तीन महिने राहणार आहेत. बाबांना स्ट्रीमिंग जमत नाही असं नाही पण ते आवडत नाही, त्यांचं म्हणणं टीव्ही लावला की काहीतरी चालू असलं पाहिजे, आपण काय बघायचं ते दरवेळी शोधत बसायचं म्हणजे कंटाळा येतो. सकाळच्या बातम्या, ते जुनी घरं दुरुस्त करणारे कार्यक्रम, आणि आता विम्बल्डन येतंय बीबीसीवर, त्याची ते वाट बघतायत. दिवसभर आम्ही दोघं कामावर असतो, ते दोघंच घरी, म्हणून मला हे खरंच नीट करून द्यायचंय.

तर हॉलमध्ये भिंतीत एरियलचं सॉकेट आहे, त्यात टीव्हीची वायर लावली आणि ऑटोट्यून केलं, म्हणजे टीव्हीला आपोआप चॅनेल शोधायला लावलं, तर ३८ चॅनेल आले फक्त. त्यातला बीबीसी वन येतो पण मध्येच चित्राचे चौकोन होतात, आवाज कट्-कट् करतो आणि मग 'नो सिग्नल'. आयटीव्ही आणि चॅनेल फोर रात्री येतात, दिवसा नाही. १०१ नंबरवर बीबीसी वन एचडी असायला पाहिजे म्हणतात, तो तर सापडलाच नाही. मेनूत जाऊन बघितलं तर सिग्नल स्ट्रेंग्थ ४० च्या आसपास आणि क्वालिटी शून्यावरून ६० वर, परत शून्यावर अशी उड्या मारते.

एका एरियलवाल्याला फोन केला तर त्याने घर न बघताच सांगितलं की नवीन एरियल आणि मोठा बूस्टर (सिग्नल वाढवायचं यंत्र), ३०० पौंडाच्या वर खर्च येईल. छपरावर आमच्या काही नाहीये, शेजारच्या दोन-तीन घरांवर एरियल आहेत पण गंमत म्हणजे एकाचं तोंड एकीकडे आणि दुसऱ्याचं बरोबर उलट्या बाजूला. बाबांनी ते बघून पहिला प्रश्न विचारला की अरे इथला सिंहगड कुठल्या बाजूला आहे? सिंहगडावर टीव्हीचा मनोरा, त्यामुळे आमच्याकडे सासवडला अँटेना सिंहगडाकडे करायची हे पोरासोरांना माहीत होतं. मला उत्तर देता आलं नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा, आणि बूस्टर घ्यावा का तेही.

हॅरोवाला:

दादा एरियलच्या मागे का लागताय, ३० पौंडाची स्ट्रीमिंग स्टिक घ्या, बीबीसीचा आयप्लेयर, आयटीव्हीचा आयटीव्हीएक्स, इंटरनेटवरून सगळं येतं. आमच्याकडे एरियल सॉकेटवर कधीच कपाट आलंय.

मिल्टन_मुक्कामी:

स्टिक आहे हो घरात. पण बाबांना दर वेळी प्रोफाइल निवडा, अपडेट करा, पासवर्ड टाका यात अडकायला होतं आणि मग ते मला ऑफिसात फोन करायला संकोचतात आणि टीव्ही बंद करून बसतात. त्यासाठीच साधे चॅनेल पाहिजेत.

तारवाला:

हॅरोवाल्यांचं त्यांच्या घरापुरतं बरोबर असेल पण इथे माणसाने एरियलचं विचारलंय तर एरियलचंच बोलू. मी १५ वर्षं इथे मोठ्या इमारतींच्या कॉमन एरियल सिस्टिमची कामं करतो, नॉर्थम्प्टन-बेडफर्ड पट्ट्यात. बूस्टर आत्ता घेऊ नका. अजिबात. का ते सांगतो, थोडं लांबेल.

आधी बाबांच्या प्रश्नाचं उत्तर, कारण प्रश्न एकदम बरोबर विचारलाय त्यांनी. मिल्टन कीन्सला दोन सिंहगड आहेत. एक सॅंडी हीथ, बेडफर्डशायरमध्ये, तुमच्या पूर्वेला किंचित उत्तरेकडे सरकून. दुसरा ऑक्सफर्डचा, तो बेकली गावाजवळ आहे, तुमच्या नैर्ऋत्येला. दोन्ही साधारण ३५ ते ४० किलोमीटर, म्हणजे अंतरात फारसा फरकच नाही, म्हणून तुमच्या गल्लीत एक एरियल इकडे आणि एक तिकडे. दोघांचेही चॅनेल सारखे दिसतात पण गावच्या बातम्या वेगळ्या. सॅंडी हीथवरून बीबीसीचं लुक ईस्ट आणि आयटीव्ही अँग्लिया, ऑक्सफर्डवरून साउथ टुडे आणि मेरिडियन. पूर्वी केंब्रिज आणि ऑक्सफर्डची वेगळी बातमीपत्रं होती, मिल्टन कीन्सला त्यात जरा तरी जागा मिळायची, बीबीसीने ती दोन्ही डिसेंबर २०२२ मध्ये बंद केली. मला त्याचं अजून वाईट वाटतं. आता एक नॉरिचवरून आणि एक साउथॅम्प्टनवरून, दोन्ही ठिकाणं तुमच्यापासून लांबच.

आता मुख्य गोष्ट. डिजिटलमध्ये एका फ्रीक्वेन्सीवर एक चॅनेल नसतो, एक गठ्ठा असतो, त्याला मक्स म्हणतात. सॅंडी हीथचे मुख्य तीन गठ्ठे यूएचएफ चॅनेल २१, २४ आणि २७ वर आहेत (हे फ्रीक्वेन्सीचे नंबर, रिमोटवरचे नव्हेत). २७ वर बीबीसीचे साधे चॅनेल, २४ वर आयटीव्ही, चॅनेल फोर, चॅनेल फाइव्ह वगैरे, आणि २१ वर एचडी. ऑक्सफर्डचे मुख्य तीन ४१, ४४ आणि ४७ वर. याशिवाय दोन्हीकडे कमर्शियल गठ्ठे आहेत, क्वेस्ट, डेव्ह असले चॅनेल त्यात येतात. म्हणून कुणी 'काही चॅनेल फुटतात' असं सांगितलं की मी आधी विचारतो कुठले, कारण एक गठ्ठा गेला की त्यातले सगळे एकदम जातात. तुमचं वाचून वाटतंय सगळेच गठ्ठे कमजोर आहेत, म्हणजे एखाद्या फ्रीक्वेन्सीचा घोळ नाही, वाटेत कुठेतरी सिग्नलच मरतोय.

जुन्या टीव्हीला सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, तरी माणूस दिसायचा, आपण मॅच बघायचोच ना मुंग्यांमधून. डिजिटलला तसं नाही. सिग्नल पुरेसा आहे तोपर्यंत चित्र काचेसारखं, आणि जरा खाली गेला की चौकोन, आणि अजून जरासा खाली गेला की काहीच नाही. मधली पायरी जवळजवळ नसतेच. त्यामुळे तुमचं रात्री येतं दिवसा नाही हे त्या काठावर असल्याचं लक्षण आहे.

बूस्टर का नको? बूस्टर सिग्नलसोबत कचराही वाढवतो. एरियलपासून टीव्हीपर्यंत येताना जे हरवलंय ते टीव्हीजवळ बूस्टर लावून परत येत नाही. स्ट्रेंग्थ ९० दिसेल आणि क्वालिटी तिथेच राहील.

आता मला हे सांगा. (१) माळ्यावर म्हणजे लॉफ्टमध्ये चढून बघितलंत का? मिल्टन कीन्सच्या जुन्या वस्त्यांत घराबाहेर एरियल लावायला घराच्या कागदपत्रांतच मनाई होती, शहर वसवताना सगळीकडे केबल टीव्ही घातला होता म्हणून, त्यामुळे बऱ्याच लोकांनी लॉफ्टमध्ये एरियल बसवलेत. (२) असेल तर आखूड काड्यांचं टोक कुठे आहे? ते टोक ट्रान्समीटरकडे असतं, मागची जाळी किंवा लांब काड्या उलट बाजूला. (३) एरियलच्या दांडीच्या टोकाला प्लास्टिकची टोपी असते तिचा रंग कुठला? (४) एरियलजवळ, केबलच्या वाटेत एखादी छोटी डबी आहे का? आणि घरात कुठे असा लहान खोका सापडला का ज्याला एक मेन्सची वायर आणि दोन एरियलच्या वायरी लावायच्या जागा आहेत?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर नीट शोधून द्या.

बेडफर्डशायर_बाबू:

तारवाले भाऊ बरोबर सांगतायत, आमच्याकडे तर बूस्टरमुळेच चॅनेल फुटायचे. आम्ही बिगल्सवेडजवळ राहतो, सॅंडी हीथचा मनोरा आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीतून दिसतो, रात्री लाल दिवे पण. एवढ्या जवळ असून चॅनेल फुटायचे. दीड वर्ष आम्ही समजत होतो की सिग्नल कमी आहे. शेवटी कळलं की आधीच्या मालकाने चार खोल्यांत टीव्ही लावायला अॅम्प्लिफायर बसवलेला होता आणि १८० किलोवॅटचा ट्रान्समीटर दारात, त्यामुळे ट्यूनर अक्षरशः गुदमरत होता. अॅम्प काढला, साधा स्प्लिटर (एक वायर अनेक टीव्हींना वाटून देणारा) लावला आणि एका टीव्हीला सात-आठ पौंडाचा अॅटेन्युएटर, म्हणजे सिग्नल कमी करायची टोपी, बस्स. तेव्हापासून चार वर्षं एकदाही त्रास नाही. कमी सिग्नल आणि जास्त सिग्नल दोन्हीचं लक्षण टीव्हीवर सारखंच दिसतं हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून लिहितोय.

मिल्टन_मुक्कामी:

तारवाले दादा, खूप खूप आभार, एवढं कुणी समजावलंच नव्हतं. काल संध्याकाळी शिडी लावून वर गेलो, बाबा खाली शिडी धरून.

एरियल आहे! लॉफ्टमध्ये तुळईला लावलेला, मोठा आहे, दीडेक मीटर. फोनमधल्या होकायंत्रावर बघितलं तर आखूड काड्यांचं टोक पूर्वेला आणि थोडं उत्तरेला, म्हणजे तुम्ही म्हणता तो सॅंडी हीथ. टोपी लाल आहे. एरियलपासून हातभर अंतरावर एक करडी डबी आहे, तिच्यात एक केबल जाते आणि एक बाहेर येते, बाकी प्लग वगैरे काही नाही तिला.

आणि खोका. तुम्ही लिहिलंत ते वाचल्यावर बायको म्हणाली थांब, आणि गॅरेजमधून एक पिशवी घेऊन आली. घर रंगवताना टीव्हीच्या सॉकेटमागून आम्ही काढून ठेवलेला एक पांढरा खोका, मला वाटलं जुन्या ब्रॉडबँडचं काहीतरी आहे, म्हणून वायर सरळ सॉकेटमधून टीव्हीला लावली होती. त्यावर १२ व्होल्ट लिहिलंय आणि तुम्ही म्हणता तशाच दोन जागा आहेत, एकावर 'अॅम्प' आणि दुसरीवर 'टीव्ही' असं लिहिलंय.

हेच आहे का ते?

तारवाला:

तेच आहे. तुमचे ३०० पौंड त्या पिशवीत होते.

वरची करडी डबी म्हणजे मास्टहेड अॅम्प्लिफायर. एरियलच्या अगदी जवळ असतो, म्हणजे सिग्नल केबलमध्ये मरायच्या आधीच वाढवला जातो, म्हणून तो चांगला, टीव्हीजवळच्या बूस्टरपेक्षा कितीतरी चांगला. पण त्याला वीज लागते आणि ती वीज खालून त्याच एरियलच्या केबलमधून वर जाते. तो पांढरा खोका म्हणजे त्याचा पॉवर सप्लाय. तुम्ही तो काढलात तेव्हा वरच्या डबीची वीज गेली, आणि वीज नसलेला अॅम्प नुसता बसून राहत नाही तर सिग्नल अडवतो. जे ३८ चॅनेल येत होते ते त्यातून झिरपून येत होते. घर विकत घेतल्यावर टीव्ही बिघडला असे जे फोन मला येतात त्यात ही गोष्ट इतक्यांदा निघते की आता मी घरी जायच्या आधीच विचारतो. तो अॅडॅप्टर काढू नका असं कुणी त्याच्यावर लिहून ठेवत नाही. तुम्ही लिहून ठेवा, मोठ्या अक्षरात, पुढच्या माणसासाठी.

लावायची रीत: भिंतीच्या सॉकेटकडची वायर 'अॅम्प' लिहिलेल्या जागेत, टीव्हीची वायर 'टीव्ही'मध्ये, मग प्लग चालू. उलटं लावू नका. आणि मध्ये स्प्लिटर असेल तर तो वीज जाऊ देणारा असला पाहिजे, नाहीतर डबीपर्यंत वीज पोचणार नाही.

लाल टोपी म्हणजे ए ग्रुपचा एरियल, यूएचएफ २१ ते ३७ साठी बनवलेला. सॅंडी हीथचे तिन्ही मुख्य गठ्ठे त्यात आरामात बसतात. जाताजाता सांगतो, तुमच्या ज्या शेजाऱ्याचा ऑक्सफर्डकडे आहे त्याच्या एरियलला हिरवी टोपी असेल तर त्याला कळवा. हिरवा म्हणजे ४८ च्या वरचा. ऑक्सफर्डचे गठ्ठे पूर्वी तिकडेच होते, ५३, ५७, ६० असे. मग ४८ च्या वरची सगळी जागा मोबाईलसाठी रिकामी केली, ते काम ऑगस्ट २०२० मध्ये संपलं, आणि ऑक्सफर्ड ४१ ते ४७ वर खाली आला. हिरवे एरियल तिथे जेमतेम काम करतात. लोक म्हणतात वीस वर्षं मस्त चालला आणि आता बिघडला, पण एरियल तसाच आहे, खालची जमीन सरकली.

खोका लावा, ऑटोट्यून करा आणि सांगा.

मिडल्सब्रोची:

मध्येच बोलते, माफ करा. वर कुणीतरी एरियलच्या मागे का लागता असं लिहिलंय त्यावर लिहावंसं वाटलं.

आमच्याकडे बिल्सडेलचा मनोरा आहे, नॉर्थ यॉर्क मूर्सवर. १० ऑगस्ट २०२१ ला त्याला आग लागली. ३०० मीटरच्या वर उंच मनोरा, आणि दुपारी एकदम सगळं बंद. टीसाइड, डरहॅमचा भाग, नॉर्थ यॉर्कशायर, कितीतरी लाख घरांचा टीव्ही आणि बऱ्याच जणांचा रेडिओसुद्धा. आमच्या घरी काही फरक पडला नाही, ब्रॉडबँड होतं. पण आमच्या शेजारी एक आजी राहायच्या, ८० च्या पुढच्या, एकट्या, इंटरनेट नाही, मुलगा स्कॉटलंडमध्ये. त्यांचा दिवस टीव्हीच्या वेळेवर चालायचा, म्हणजे हा कार्यक्रम लागला की चहा, तो लागला की जेवण. त्या पहिल्या आठवड्यात त्या दोनदा दुपारचं जेवण विसरल्या. मी खरंच सांगते, मला तोपर्यंत कळलं नव्हतं की टीव्ही माणसासाठी घड्याळसुद्धा असतो आणि सोबतसुद्धा.

मनोऱ्याचं इतकं नुकसान झालेलं की तो ६ ऑक्टोबरला पाडावाच लागला, आणि १३ ऑक्टोबरला ८० मीटरचा तात्पुरता मनोरा चालू झाला. दोन महिने. मधल्या काळात कुणाचं दुसऱ्या ट्रान्समीटरवरून येतं का ते बघायचं, एरियल फिरवायचा, काहींच्या घरी मदतीला माणसं पाठवली गेली. माझ्या नवऱ्याने आजींचा एरियल शिडी लावून फिरवून बघितला, पाच-सहा चॅनेल आले, त्यात त्यांचा आवडता आला आणि त्यांनी आम्हाला केक करून दिला.

तर त्या बाबांसाठी करताय ते नीट करा दादा. दोन्ही असूदेत घरात, एरियल पण आणि इंटरनेट पण.

हॅरोवाला:

ताई, हे माहीत नव्हतं. मी आपलं माझ्या घरचं बघून लिहिलं. माझ्या सासूबाई येतील पुढच्या वर्षी, कपाट सरकवून बघतो सॉकेटला काही येतं का. आमच्याकडे क्रिस्टल पॅलेसचा मनोरा असणार ना?

तारवाला:

हो हॅरोला क्रिस्टल पॅलेस. तुम्हाला सोपं आहे, २०० किलोवॅट आणि सगळे गठ्ठे २२ ते ३० मध्येच, लाल टोपीचा कुठलाही धड एरियल चालतो.

मिल्टन_मुक्कामी:

अपडेट. खोका लावला, ऑटोट्यून केलं आणि ३८ चे १४० च्या वर चॅनेल झाले!! एचडी आले, आयटीव्ही काचेसारखा. बाबा अर्धा तास नुसते एकामागून एक चॅनेल बदलत बसले होते.

पण एक गोष्ट अजून नीट नाही. बीबीसी वन १ नंबरवर येतो त्यात साउथ टुडे लागतं आणि तो अजूनही मधूनमधून फुटतो, एचडीवाला १०१ पण तसाच. आणि शोधता शोधता ८०१ नंबरवर अजून एक बीबीसी वन सापडला, तो मात्र एकदम स्वच्छ आणि त्यात लुक ईस्ट. ट्यून करताना टीव्हीने रीजन विचारला होता तेव्हा मी साउथ निवडलं, मला वाटलं मिल्टन कीन्स साउथ ईस्टमध्ये येतं. तिथे चुकलं का? बाबांना ८०१ लक्षात राहणार नाही हो.

आणि एक, टीव्ही बघायला टीव्ही लायसन्स लागतंच का? ऑफिसातला एक जण म्हणतो बीबीसी बघितलं नाही तर नाही लागत.

तारवाला:

हो तिथेच झालं. आता वरच्या डबीला वीज आहे त्यामुळे एरियलच्या पाठीमागून ऑक्सफर्डचाही सिग्नल घुसतोय, कमजोर पण टीव्हीला सापडेल इतका. टीव्हीला दोन बीबीसी वन सापडले की एकाला १ नंबर देतो आणि दुसऱ्याला ८०० च्या पुढे टाकतो. तुम्ही साउथ निवडल्यावर त्याने पाठीमागून येणारा कमजोर ऑक्सफर्ड पुढे बसवला आणि समोरचा धडधाकट सॅंडी हीथ मागे हाकलला. दोन ट्रान्समीटरच्या मध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भोगावं लागतं.

एकदम खात्रीचा उपाय असा. एरियलची वायर टीव्हीतून काढा आणि तशीच, वायर न लावता, पूर्ण ऑटोट्यून चालवा. शून्य चॅनेल सापडतील आणि जुनी यादी पुसली जाईल. मग वायर लावा आणि ऑटोट्यून न करता मॅन्युअल ट्यूनिंगमध्ये जा. २१ टाका, शोधा, साठवा. मग २४. मग २७. काही टीव्ही नंबरऐवजी मेगाहर्ट्झ विचारतात, तेव्हा ४७४, ४९८ आणि ५२२. कमर्शियल गठ्ठ्यांसाठी फ्रीव्ह्यूच्या साइटवर पोस्टकोड टाकून तपशीलवार माहिती उघडा, तिथे सॅंडी हीथचे बाकीचे नंबर मिळतील, ते पण एकेक करून टाका. ४१, ४४, ४७ ला हात लावायचा नाही. मग सेटिंगमध्ये जाऊन 'ऑटो अपडेट' किंवा 'स्टँडबायमध्ये चॅनेल शोधा' असं काही असेल तर ते बंद करा, नाहीतर रात्रीतून टीव्ही परत सगळं विस्कटून ठेवेल आणि बाबा सकाळी परत साउथॅम्प्टनच्या बातम्या बघतील.

दुसरं, उन्हाळ्यात हवेचा दाब वाढला, छान ऊन पडून हवा स्थिर झाली की इथे एक-दोन दिवस चॅनेल फुटू शकतात. हवेच्या थरांमधून लांबचे सिग्नल वाट सोडून येतात, तुमचा एरियल पूर्वेला आहे म्हणजे समुद्रापलीकडून नेदरलँड्स-बेल्जियमचं पण येऊन आदळतं. अशा वेळी रीट्यून करायचं नाही. बीबीसी स्वतः हेच सांगतं. लोक घाबरून रीट्यून करतात आणि असलेली यादी पण घालवून बसतात. बाबांना सांगून ठेवा, हवा बदलली की आपोआप येईल.

लायसन्स: लागतं. कुठलाही चॅनेल लागला त्याच वेळी बघताय, एरियलवर असो की इंटरनेटवर, तर लागतं, बीबीसी बघा नाहीतर नका बघू. आयप्लेयरला तर लागतंच. घराला एकच, २०२५ मध्ये ते वर्षाला १७४.५० पौंड होतं. ऑफिसातल्या माणसाच्या भरवशावर राहू नका.

शेवटचं. लॉफ्टमधली केबल कशी आहे बघा. जुनी तपकिरी बारीक असेल, आत जाळीचे धागे विरळ, तर ती बदलून टाका. डब्ल्यूएफ १०० म्हणून मिळते, तांब्याची जाळी आणि तांब्याचीच पन्नी असलेली घ्या. महाग नाही, आणि शेजाऱ्याचा मोबाईल, तुमचा राउटर यांचा त्रास बराच कमी होतो.

पुण्याहून_प्रभाकर:

हा धागा वाचायला फार बरं वाटलं, त्या गृहस्थांचा 'इथला सिंहगड कुठे' हा प्रश्न वाचून तर लिहिल्याशिवाय राहवेना. मी स्वतः पुण्याचा, लहानपणी आमच्या वाड्यात एकच टीव्ही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरचं केंद्र सुरू झाल्यावर ते पुण्यात दिसायला लागलं. किल्ल्यावर फिरायला गेलो की आम्ही आधी तो मनोरा बघायचो. चित्र इथूनच निघतं आणि आपल्या छपरावरच्या काड्यांत शिरतं, हे कळत नव्हतं पण भारी वाटायचं.

आता इकडे ते संपल्यातच जमा आहे. २०१६ मध्ये दूरदर्शनने काही शहरांत डिजिटल अँटेनावरून प्रक्षेपण सुरू केलं, तिकडच्या एचडी मक्ससाठी वापरतात तेच डीव्हीबी-टी२ तंत्र. पण लोकांपर्यंत ते पोचलंच नाही, दुकानदारालाही माहीत नसायचं. जुने अॅनालॉग ट्रान्समीटर मार्च २०२२ पर्यंत मोजके सोडून बंद केले. ज्यांना दर महिन्याला पैसे भरायचे नाहीत ते आता दूरदर्शनच्या फ्री डिशवर, म्हणजे छपरावर डिश आणि तोंड ९३.५ अंश पूर्वेच्या उपग्रहाकडे. ते चांगलंच आहे, खेड्यापाड्यात त्याच्यावरच चालतं. पण अँटेना फिरवून आपल्या गावच्या मनोऱ्याकडे करायची ही गोष्ट गेली याची मला हळहळ वाटते. तिकडे ती अजून आहे तर किती वर्षं राहील?

तारवाला:

प्रभाकरकाका, मनोऱ्यांवरून प्रक्षेपण करायची सध्याची लायसन्सं २०३४ पर्यंतची आहेत, त्याच्या पुढचा वाद चालू आहे. एप्रिल २०२४ मध्ये फ्रीली नावाचं चालू केलंय, तेच चॅनेल पण ब्रॉडबँडवरून, म्हणजे हळूहळू तिकडे न्यायचा विचार दिसतो. माझं मत विचाराल तर मनोरे राहिले पाहिजेत. ब्रॉडबँडचं बिल न परवडणारी घरं मी रोज बघतो, त्यांना एकदा एरियल बसवला की पुढची वीस वर्षं महिन्याचा खर्च नाही. मिडल्सब्रोच्या ताईंनी लिहिलंय तशा आजी प्रत्येक गल्लीत आहेत.

मिल्टन_मुक्कामी:

झालं!! तुम्ही सांगितलं तसंच केलं, वायर काढून रिकामं ट्यून, मग २१, २४, २७ आणि बाकीचे साइटवर बघून. १ नंबरला लुक ईस्ट, क्वालिटी १०० वर स्थिर, तीन दिवस झाले एकदाही चौकोन नाही. ८०० च्या पुढे आता काहीच नाही. चॅनेल थोडे कमी झाले पण आहेत ते सगळे धड आहेत. लायसन्सही काढलं काल.

पांढऱ्या खोक्यावर बाबांनी स्वतः चिठ्ठी चिकटवलीये, मराठीत आणि इंग्रजीत, 'हा बंद करू नये, वर माळ्यावर अँटेनाला वीज जाते'. आणि काल संध्याकाळी फिरायला गेलो तेव्हा त्यांनी गल्लीतल्या सगळ्या छपरांकडे बघत मोजलं, सात सॅंडी हीथकडे, चार ऑक्सफर्डकडे, आणि एक बिचारा कुठेच नाही, वाऱ्याने फिरलेला. त्या घरी एक वयस्कर जोडपं राहतं, बाबा म्हणतात आपण जाऊन सांगू या का त्यांना. रविवारी जाणार आहोत.

केबल जुनी तपकिरीच निघाली. डब्ल्यूएफ १०० वीस मीटर मागवलीये. एक विचारायचं होतं, करड्या डबीला स्क्रूवाले कनेक्टर आहेत, ते मला स्वतःला बसवता येतील का?

तारवाला:

येतील. एफ कनेक्टर म्हणतात त्यांना. आधी खालचा खोका बंद करा, वीज असताना केबल कापू नका. बाहेरचं आवरण सेंटिमीटरभर सोला, जाळी मागे दुमडा, एकही धागा मधल्या तारेला चिकटता कामा नये, मग कनेक्टर फिरवून घट्ट बसवा आणि मधली तार दोन-तीन मिलीमीटर बाहेर राहू द्या. आणि त्या जोडप्याकडे गेलात तर छपरावर स्वतः चढू नका, लॉफ्ट वेगळा आणि छप्पर वेगळं. मला निरोप टाका, त्या भागात पुढच्या आठवड्यात येणारच आहे, येता येता बघून जाईन.